उजवीकडे जरा सैल

९ फेब्रुवारी

ताई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. त्यातल्या तीन ओळी मी पत्र लिहीत नाही म्हणून, आणि चौथी फोन उचलत नाही म्हणून. फोन उचलून उपयोग काय? तू बोलत असतेस, मी हं हं करत असतो, आणि ठेवताना तूच म्हणतेस, "तू काही बोलतच नाहीस." कागदावर निदान मला मध्येच कुणी तोडत नाही. म्हणून हे.

इथे सगळी धावपळ आहे. मोठ्या बोटीचं काम जूनच्या आत संपवायचंय. पाण्यात उतरली की ती लगेच लांबच्या फेरीला निघणार, आणि मिस्त्री म्हणालेत की सोबत सुतार म्हणून मीच जायचं. सात-आठ महिने समुद्रावर. इतकी वर्षं लोकांसाठी बोटी बांधल्या, पण किनारा दिसेनासा होईपर्यंत एकदाही गेलो नाही. आता ते होणार म्हटल्यापासून पाय जमिनीवर ठरत नाहीत. जेवायला बसलो तरी अर्ध्यात उठून काहीतरी सामान काढून ठेवतो.

कंबर मात्र कुरकुरतेय. कंबर म्हणजे जरा वर, मधोमध, आतून. दिवसभर वाकून काम, दुसरं काय होणार. गंमत अशी की काम करताना कमी असते आणि आडवा झालो की सुरू होते. तू तुझ्या वर्गात बायकांना पाठीचे जे व्यायाम शिकवतेस ते लिहून पाठव. सोपे पाठव. मला त्यांच्यासारखं पायाचा अंगठा कानाला लावायचा नाहीये.

परवा एक गृहस्थ होडी घेऊन आले. मागच्या बाजूला पाणी साठतं म्हणून त्यांनी स्वतःच तिथे डांबराचे थरच्या थर फासले होते, तरी पाणी येतच होतं. मिस्त्री सरळ पुढच्या टोकाशी गेले आणि एका फळीवर टकटक करून म्हणाले, "शिरतंय इथून." पाणी पुढून शिरायचं आणि तळातून वाहत जाऊन मागे साठायचं. गृहस्थ काही केल्या मानेनात. "अहो, पण ओलं तर मागे आहे ना?" आम्ही दिवसभर एकमेकांना तेच म्हणून हसत होतो.

भाऊजींना दुकानाच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकतोय. कपड्यांचं काम आहे. तू नाक खुपसू नकोस.

तुझा,
ठोक्या


९ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. हे पत्र दुकानावर अशासाठी, की ताईच्या हातात पडू नये. पडलं तर ती वर्गातल्या सगळ्या बायकांना विचारून उपाय पाठवील आणि मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

बोटीच्या आत अडचणीच्या जागी भोकं पाडायला आम्ही अजून जुनं हातगिरमिट वापरतो. त्याला मागे एक लोखंडी पाटी असते, ती छातीला मधोमध टेकवायची आणि अंगाचा भार देऊन फिरवायचं. त्यानं माझी छाती दुखायला लागली आहे. छाती म्हणजे, आता तुमच्यापाशी काय लाजायचं, दोन्ही बाजूंना बोंडांच्या मागे. शर्ट नुसता घासला तरी झोंबतं. थोडी सूजही आहे. आंघोळीच्या वेळी आरशात बघितलं तर वयात येणाऱ्या मुलीसारखं दिसायला लागलंय. इथे कुणी पाहिलं तर माझी धडगत नाही.

तर मला दोन बंड्या शिवून पाठवा. छातीवर दोन्ही बाजूंना आतून जाड अस्तर घाला. आणि दोन कामाच्या पँटी. मापं तुमच्याकडे आहेतच, फक्त उजवीकडे जरा सैल ठेवा. मांडीपाशी नाही, वर. समजून घ्या. तिथे जड जड वाटतं, दिवसभर उभं राहून वाटत असेल.

ताईला यातलं काही बोलू नका. शब्द द्या.

तुमचा,
ठोक्या


१८ फेब्रुवारी

ठोक्या,

पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणे. तुझे कधी ठरले होते? पाळण्यातसुद्धा कठड्यावर खुळखुळा आपटत बसायचास, म्हणून तर हे नाव पडलं.

मागच्या पानावर पाच व्यायाम काढून दिलेत. माझी चित्रकला काय आहे ते तुला माहीत आहे, त्यामुळे हात कुठला आणि पाय कुठला ते वाचून समजून घे. तिसरा करताना श्वास रोखायचा नाही. रोज करायचे, आठवण झाली की नाही. माझ्या वर्गातल्या बायका साठीच्या पुढच्या आहेत आणि तुझ्यापेक्षा सरळ चालतात. एकोणतिसाव्या वर्षी कंबर धरून बसतोस, लाज वाटू दे थोडी.

आणि त्या जुन्या ऑपरेशनच्या जागेवर ताण येईल असं काही उचलू नकोस. आई असती तर तिनं हेच पहिलं सांगितलं असतं.

समुद्रावर जाणार ते वाचलं. मला आवडलं नाही हे आधीच लिहून ठेवते. पण तू जाणारच आहेस, तर निघण्यापूर्वी चार दिवस इथे येऊन जा. तुला डोळे भरून बघायचंय. हे यांना सांगू नकोस, माझी चेष्टा करतात.

तुझ्या भाऊजींच्या पत्रात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. नवरा म्हणून तोंड उघडत नाही आणि शिंपी म्हणून तर नाहीच.

ताई


२० फेब्रुवारी

मेव्हणेराव,

शब्द दिला. तुमचं पार्सल सोबत आहे.

छाती वाढली म्हणजे खाणंपिणं झकास चाललंय असा आम्ही अर्थ घेतो. आमच्या गिऱ्हाइकांत असे बरेच आहेत, फरक इतकाच की ते गिरमिटाला दोष देत नाहीत. दोन घास कमी खा. तोवर बंडी घाल. अस्तर दुहेरी लावलंय आणि टीप उलट्या बाजूनं मारली आहे, म्हणजे अंगाला टोचणार नाही.

पँटीत उजवीकडे सैल सोडलंय. शिवणीत आत दुमडून माया जास्त ठेवली आहे, आणखी लागलं तर तिथलाच एखादा शिंपी उसवून देईल. बाकी काळजी करू नकोस. आमच्या धंद्याचा नियम आहे, गिऱ्हाईक म्हणालं इथे सैल, की आम्ही सैल करतो. का म्हणून विचारत नाही. विचारलं तर अर्धी गिऱ्हाइकं पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाहीत.

समुद्रावर जाताना एक चांगला कोट शिवून देईन.

भाऊजी


३० मार्च

ताई,

उशीर झाला, माहीत आहे. बोटीला आता फळ्या चढल्या आहेत. आत उभं राहिलं की नव्या लाकडाचा वास येतो आणि बाहेर येऊ नये असं वाटतं. काम इतकं आहे की एक हातात घ्यावं तर दुसरं बोलावतं.

तुझे व्यायाम केले. तिसरा, पाचवा, सगळे. काही फरक नाही. उलट कंबर आता रोज दुखते आणि दुखणं पोटाकडे सरकल्यासारखं वाटतं. मी कामाचं टेबल उंच करून घेतलं, वाकावं लागू नये म्हणून. बिछान्याखाली फळी टाकली. फळीनं काही झालं नाही, तर दुसरी टाकली. आता उशा रचून अर्धवट बसून झोपतो, तसं बरं पडतं.

भूकही मेली आहे. शेजारच्या खानावळवाल्या बाई रागावतात की ताट तसंच परत येतं. उन्हाळा आहे, होत असेल.

तू लिहिलंस त्या ऑपरेशनची इतकी काय काळजी? हर्नियाचं ऑपरेशन होतं ते, मी तीन वर्षांचा होतो. आता नुसता व्रण उरलाय, त्याला काय होणार.

चार दिवस यायचं म्हणतेस, ते काही जमेलसं दिसत नाही. रागावू नकोस.

ठोक्या


३ एप्रिल

भाऊजी,

बंड्या छान झाल्या, पण अस्तर पुरत नाही. आणखी दोन पाठवा, जाडीला दुप्पट. दोन्ही बाजूंना, तिथेच. दोन घास कमी खा म्हणालात, मी निम्मं जेवतोय. सगळीकडून उतरलो, कंबरपट्ट्याला दोन नवी भोकं पाडली, पण छाती तेवढी उतरायला तयार नाही.

पँटीतली माया इथे उसवून घेतली. तीही कमी पडते. नवीन शिवाल त्यात उजवीकडे आणखी सैल. दुखत नाही हो काही. म्हणून तर मी लक्ष देत नाही.

ठोक्या


१५ एप्रिल

ठोक्या,

चेष्टा बाजूला ठेवून लिहितोय.

तुझ्या नव्या बंड्या बेतायला घेतल्या. पुढचा भाग पसरला आणि अस्तर कुठे लावायचं ते खडूनं आखलं. दोन गोल, एक इकडे, एक तिकडे. आणि हात थांबला. गिरमिटाची पाटी मधोमध टेकते असं तूच लिहिलंस ना? छातीच्या बाजू दोन असतील, पाटी तर एकच आहे. मग मधल्या हाडाला काही नाही आणि दोन्ही बाजू सुजतात, हे कसं? मी पाटीच्या मापाचा कागद कापून बंडीवर ठेवून पाहिला. तो तुझ्या दुखण्याला शिवतसुद्धा नाही.

मी इतका वेळ त्यावर अस्तर शिवत बसलो होतो. शिंप्याकडे दुखणं आलं की त्याला कापडच सुचतं.

तेवढ्यात तुझी ताई दुकानात आली. टेबलावर बंडी, बंडीवर दोन गोल. "हे कुणाचं?" म्हणाली. एका बाईंचं आहे म्हणालो. तिनं पँटीचं माप बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही हे तुला शब्द मागताना कळायला हवं होतं. सगळं सांगितलं. शब्द मोडला. मग तिनं मला कंबरेचं आणि भुकेचं सांगितलं. एका घरात राहून अर्धं तिला माहीत, अर्धं मला, आणि दोघंही रोज एका टेबलाशी जेवत होतो.

पुढचं ती लिहील. मी बंड्या शिवलेल्या नाहीत. शिवणार पण नाही.

भाऊजी


त्याच पाकिटात

ठोक्या,

तू मला छातीचं सांगितलं नाहीस. ठीक. त्यावर नंतर भांडू.

माझ्या वर्गाला एक डॉक्टरीणबाई येतात. आज वर्ग सुरू व्हायच्या आधी त्यांना बाजूला घेतलं. कंबर सांगितली तेव्हा त्या चटई पसरत होत्या. भूक सांगितली, तरी ऐकत ऐकत पसरतच होत्या. छातीचं सांगितलं आणि त्या थांबल्या. उजवीकडे जड वाटतं, दुखत नाही, पण पँट पुन्हा पुन्हा सैल करून मागतो, हे सांगितल्यावर त्यांनी चटई गुंडाळली आणि विचारलं, "वय किती?"

सांगितलं. त्या म्हणाल्या, या वयातल्या माणसाला हे सगळं एकत्र असेल तर एक गोष्ट आधी तपासायची, अंडकोषाची गाठ. कॅन्सरचीही असू शकते. नसेलही. पण पुष्कळदा ती दुखत नाही, म्हणून माणूस लक्ष देत नाही. आणि दुखतं ते भलतीकडेच, कंबरेत, पोटात. छातीला सूज येते ती गाठीतून रक्तात काहीतरी सुटतं म्हणून. नुसतं ऐकून काहीच सांगता येत नाही, पण तपासल्याशिवाय एक दिवसही घालवू नका, असं म्हणाल्या.

हे मी तुला फोनवर सांगत होते. तू दोनदा ठेवलास आणि मग बंद करून टाकलास. म्हणून लिहिते. डॉक्टरकडे जा. लाजू नकोस. ते रोज दहा जणांचं बघतात, तुझं काही जगावेगळं नाही.

ताई


२१ एप्रिल

ताई,

भाऊजींनी शब्द मोडला, तू वर्गात गावजेवण घातलंस. वाटलंच होतं. आता तुझ्या साठीच्या बायकांना माझं सगळं अंगप्रत्यंग पाठ असेल.

मी ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बघितलेलंही नाही आणि तोंडाला येईल ते नाव घेतलं. कंबर कामानं दुखते. छाती गिरमिटानं दुखते, मधली काय आणि बाजूची काय. राहिलं ते उजवीकडचं, ते तर दुखतही नाही. जे दुखत नाही त्याचा आजार करायचा असेल तर मग सगळ्या गावानंच दवाखान्यात झोपावं.

जूनमध्ये बोट निघतेय. आत्ता डॉक्टरकडे गेलो तर ते चार तपासण्या लावतील, मग पुढची तारीख, मग अजून एक, आणि मिस्त्री माझ्या जागी दुसरा घेतील. परत आल्यावर दाखवतो. सात महिन्यांनी काही बिघडत नाही.

फोन चालू करणार नाही. बोलायला माझ्याकडे काही नाही.

ठोक्या


२५ एप्रिल

ठोक्या,

तिकीट काढलंय. हे पत्र हाती पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या शेडच्या दारात असेन. पत्र आधी पाठवते, कारण हे तोंडानं सांगताना माझा आवाज नीट राहणार नाही.

तुझं ते ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं. तुझा उजवा अंडकोष जन्मापासून खाली उतरलाच नव्हता, पोटातच राहिला होता. तो खाली आणायला ते ऑपरेशन केलं. मी चौदा वर्षांची होते, बाहेर बाकावर आईच्या शेजारी बसले होते. आई म्हणाली, कुणी विचारलं तर हर्निया सांगायचं. पोराला उगाच चिडवतील. मग ती तुलाही तेच सांगत राहिली आणि मीही. इतकी वर्षं हर्निया म्हणून म्हणून मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. परवा डॉक्टरीणबाईंनी लहानपणी काही ऑपरेशन झालं होतं का असं विचारलं, तेव्हा आठवलं. ज्यांचं असं असतं त्यांना हा आजार व्हायची शक्यता इतरांहून जास्त असते. ऑपरेशन झालं तरी असते. त्यांनी अशा वेळी अधूनमधून हातानं चाचपून बघायला हवं. तुला हे कुणी सांगितलंच नाही, कारण आमच्या घरात त्या जागेला नावच नव्हतं.

आता तुझी ती होडी आठव. मागे ओलं दिसतं म्हणून मागेच डांबर फासणारे गृहस्थ. तू आम्हाला हसवायला लिहिलं होतंस. टेबल उंच केलंस, फळी टाकलीस, दुसरी टाकलीस, बंडीला अस्तर मागितलंस. मी व्यायाम काढून दिले, यांनी टीप मारली. तिघांनी मिळून ओल्यावरच डांबर लावलं. दुसऱ्याची होडी असती तर तू पहिल्याच दिवशी पुढच्या टोकाला जाऊन टकटक केलं असतंस.

मी येईपर्यंत एवढं कर. गरम पाण्यानं आंघोळ कर आणि स्वतःच हात लावून बघ. दोन्हीकडे. खोटं बोलायचं असेल तर माझ्याशी बोल, हाताशी बोलू नकोस.

मला भीती वाटते रे. आईनंतर माझं तूच आहेस.

ताई


१० मे
रुग्णालयातून

भाऊजी,

ताई समोर खुर्चीत बसून माझ्या पत्राकडे मान लांब करून बघतेय. तिला सांगितलंय, हे दुकानाच्या पत्त्यावरचं आहे.

तिचं पत्र आलं त्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणे केलं. उजवीकडे कडक लागलं. सागाच्या फळीत गाठ लागते आणि रंधा अडतो, तसा हात अडला. दाबलं तरी दुखेना. खरं सांगायचं तर ते मला थंडीच्या आधीपासून माहीत होतं. दुखत नाही ना, मग असू दे, म्हणून हात काढून घेतला होता. या वेळी काढून घेता आला नाही. ताई यायच्या आधीच मी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलो होतो. ती शेडवर जाऊन आली, मिस्त्रींना भांडली, आणि मग मला शोधत तिथे पोचली. माझ्या शेजारी बसली आणि माझ्या हातातला केसपेपर स्वतःकडे घेतला.

डॉक्टरांनी आधी हातानं तपासलं, मग सोनोग्राफी, मग रक्त. रक्तात काय सापडलं माहीत आहे? गरोदर बायकांच्या रक्तात वाढतं ते द्रव्य. ती गाठ ते बनवत होती, म्हणून छाती सुजली. ताई हसली आणि हसता हसता रडायला लागली. नर्सबाईंनी दोघांनाही पाणी दिलं.

उजवा काढला. जांघेतून काढतात, त्या जुन्या व्रणाच्या जवळूनच. कॅन्सरच निघाला. पोटात मागे, कण्याजवळच्या गाठींपर्यंत गेलाय. त्या फुगून आतून रेटत होत्या, तेच माझं कंबरेचं दुखणं. मी त्यांच्यासाठी टेबल उंच केलं होतं.

डॉक्टर म्हणतात, हा आजार औषधाला चांगला दाद देतो, पसरलेला असला तरी. केमोच्या तीन फेऱ्या. त्याआधी विचारलं, पुढे मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवता येतं. ताईसमोर विचारलं. मी खिडकीबाहेर बघत हो म्हणालो. ती म्हणाली, "मला आत्या व्हायचंय, नीट साठवा." हे तिलाच जमतं.

मी विचारलं, सात महिन्यांनी आलो असतो तर? डॉक्टर कागद चाळत राहिले. म्हणाले, "आलात ना वेळेवर."

तुमच्यावर मी फार चिडलो होतो. आता जेवलात का, एवढंच विचारतो. ताई म्हणते, ती नसली की तुम्ही बिस्किटांवर राहता.

ठोक्या


२२ मे

ठोक्या,

जेवतो. बिस्किटंही खातो.

तुझं पत्र दुकान बंद करून वाचलं. गिऱ्हाईक बाहेरून दार वाजवत होतं, वाजवू दिलं.

आता इकडची गोष्ट. गेल्या आठवड्यात एक माणूस पँटीचं माप द्यायला आला आणि म्हणाला, एका बाजूला जरा सैल ठेवा. मी टेप गळ्यात टाकली आणि विचारलं, का? तो भडकला. "तुम्हाला काय करायचंय?" म्हणाला आणि समोरच्या शिंप्याकडे गेला. दुसऱ्यालाही विचारलं. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, मोबाइल खिशात असतो म्हणून. तिसरा अजून आला नाही. येईल त्याला विचारणार. दुकान बुडालं तर तुझ्या मिस्त्रींकडे कामाला येईन, शिडं शिवायला.

केस जातात म्हणे औषधानं. टोपी शिवतोय. डोक्याचं माप ताईला घ्यायला सांग, तुझ्यावर माझा विश्वास नाही.

भाऊजी


२६ जून

भाऊजी, आणि आता घरी पोचलेली ताई,

एकाच पाकिटात, दोघांना. वेगवेगळी पत्रं बंद.

बोट काल पाण्यात उतरली. दुसरी फेरी संपून थोडे दिवस झाले होते, डॉक्टरांनी एका तासाची मोकळीक दिली. गर्दीत जायचं नाही या अटीवर. मिस्त्रींनी माझ्यासाठी सगळ्यांना लांब उभं केलं. आमच्याकडे रीत आहे, तळातली शेवटची लाकडी खुंटी जो बोटीबरोबर जाणार त्यानं ठोकायची. ती त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. मी जाणार नाही हे माहीत असून ठेवली होती. माझ्या जागी जाणारा सुतार बाजूला उभा राहिला आणि त्यानंच हातोडा माझ्या हातात दिला. पूर्वी मी ती एका घावात बसवली असती. काल पाच-सहा घाव लागले आणि मग धाप लागून खाली बसलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पाण्यात गेल्यावर मी आत उतरलो. पुढच्या टोकापासून मागपर्यंत तळावर हात फिरवत गेलो. कोरडी होती. मग मला किनाऱ्यावर आणलं आणि ती निघाली. ताई, मी रडलो. टोपी डोळ्यांवर ओढून रडलो. इतकं जायचं होतं मला.

नंतर खाटेवर येऊन आडवा पडलो, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी सरळ आडवा पडलोय. उशा न रचता. कंबर गप्प आहे.

ठोक्या


३ सप्टेंबर

ताई, भाऊजी,

तिन्ही फेऱ्या झाल्या. रक्त ठीक आलंय. परवा पोटाचा स्कॅन झाला. कण्याजवळच्या गाठी आकसून गेल्यात, डॉक्टरांनी पडद्यावर दाखवल्या, मला काहीच दिसलं नाही. "दिसत नाही तेच दाखवतोय," म्हणाले. यापुढे काही वर्षं ठरल्या वेळी तपासायला जायचं. आणि महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी उरलेला डावा स्वतः चाचपून बघायचा. बघतो. आता हात काढून घेत नाही.

तरी चैन नाहीच. जरा कुठे दुखलं की मन तिकडेच धावतं. काल ढोपर दुखलं तर संध्याकाळपर्यंत मी स्वतःला पुरून मोकळा झालो होतो. ते खाटेच्या कोपऱ्यावर आपटलं होतं. डॉक्टर म्हणतात, हे काही दिवस चालायचंच.

छाती बरीच उतरली. जुन्या बंड्या आता ढगळ होतात. सोबत परत पाठवतोय, आतलं अस्तर उसवून ताईला भांडी धरायला द्या.

केस उगवतायत, पण कुरळे. मिस्त्री म्हणतात, माणूस बदलून दिला काय दवाखान्यानं. मिस्त्रींनी पुढच्या वर्षीच्या फेरीसाठी माझं नाव घालून ठेवलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. डॉक्टरांना विचारून म्हणेन, आणि मग तुला विचारून. या क्रमानंच, ताई, आधीच सांगतो.

भाऊजी, मला एक पँट हवी आहे. माप पत्रानं पाठवत नाही. गुरुवारी स्वतः येतोय. टेप तुम्हीच धरा, आणि मी कुठे सैल ठेवा म्हणालो, तर का म्हणून विचारा.

ठोक्या